पालघरचा शार्दूल आणि बोरिवलीचं घर

मुलांनो, ही २००६ सालची, शाळाशाळांमधली एक मॅच. एका बाजूला आपल्याकडची तारापूर विद्या मंदिर, दुसरीकडे बोरिवलीची स्वामी विवेकानंद शाळा. तारापूरच्या एका मुलाने ७८ धावा काढल्या आणि वर पाच विकेटही घेतल्या. समोरच्या शाळेचे कोच दिनेश लाड बघतच राहिले. हेच लाड सर रोहित शर्माचेही गुरू, बरं का! या मुलाला आपल्या शाळेत घ्यायचं त्यांनी ठरवून टाकलं.

मुलगा होता पालघरचा शार्दूल ठाकूर.

पण वडील नाही म्हणाले. पालकहो, आपणही हेच म्हटलं असतं. दहावीचं वर्ष आणि पालघर ते बोरिवली ५० किलोमीटरहून जास्त अंतर! तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती २०१३ मध्ये सुरू झाली. खांद्यावर क्रिकेटची भली मोठी बॅग घेऊन शटलच्या गर्दीत शिरायचं, तेही रोज. मग अभ्यास कधी आणि झोप कधी?

यावर लाड सरांनी उपाय काढला. मुलगा आमच्याच घरी राहील, असं त्यांनी सांगितलं. घरी काकूंना विचारलं आणि त्यांनीही होकार दिला. दुसऱ्याच्या मुलाचं जेवणखाण, अभ्यास, आजारपण, सगळं अंगावर घ्यायचं म्हणजे चेष्टा नाही. पुढे शार्दूलने हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले, ती गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र काकूंचा तो होकार जास्त मोठा वाटतो. आपल्या पट्ट्यातली किती तरी चांगली खेळणारी मुलं या अंतरापाशीच अडकतात. प्रत्येकाला बोरिवलीत घर कुठून मिळणार?

आता वाटेल, झालं, गाडी रुळावर आली! छे. नोव्हेंबर २०१२ मध्ये तो मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळला, पण पहिल्या चार सामन्यांत मिळून विकेट फक्त चार. वजनही वाढलेलं. ते कमी कर, असं साक्षात सचिन तेंडुलकरने त्याला सांगितलं. त्याने ते मनावर घेतलं. पुढच्या मोसमात २७ विकेट, त्याच्या पुढच्यात ४८! आयपीएलवाल्यांचं बोलावणंही आलं. ऑगस्ट २०१७ मध्ये तो श्रीलंकेत भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला.

कसोटीची सुरुवात तर आणखी वाईट. ऑक्टोबर २०१८, हैदराबाद. दहा चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू दुखावला. खेळ संपला! पुढच्या कसोटीसाठी दोन वर्षांहून जास्त थांबावं लागलं.

ती मिळाली जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला, तीही मुख्य गोलंदाज जखमी झाले म्हणून. भारत ६ बाद १८६. शार्दूलने खातं उघडलं ते षटकाराने आणि पन्नास पूर्ण केले तेही षटकारानेच. त्याने ६७ धावा केल्या, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी रचली आणि सामन्यात सात विकेट घेतल्या. ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर १९८८ नंतर प्रथमच हरली.

अरे हो, २०१८ मधली एक गंमत सांगायची राहिली. दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून शार्दूल मुंबईत उतरला. टॅक्सी नाही, काही नाही. अंधेरीला गेला आणि पालघरला जायला सरळ गाडीत चढला. डब्यातली माणसं त्याच्याकडे टकामका बघू लागली. हा तोच का? काहींनी मोबाईलवर त्याचा फोटो शोधला आणि चेहरा ताडून पाहिला. तोच होता.