अंगठ्याला दोष देण्याआधी साईट सेटिंग्ज पाहा

गेल्या काही महिन्यांत सोलापूर शहर आणि तालुक्यांतल्या सेवा केंद्रांच्या चालकांकडून या मासिकाकडे आलेल्या तक्रारींचा सूर एकच आहे: कालपर्यंत चालणारे फिंगरप्रिंट डिव्हाइस आज पोर्टलला सापडत नाही. डिव्हाइसला पोर्टलशी जोडणारी आरडी सर्व्हिस चालू आहे, ड्रायव्हर ताजा आहे, डिव्हाइसच्या नोंदणीची मुदतही शिल्लक आहे. तरी पडद्यावर ‘डिव्हाइस नॉट रेडी’. कुणी विंडोज नव्याने टाकून पाहिले, तर कुणी खिशाला चाट लावून नवे डिव्हाइस आणले.

बऱ्याच ठिकाणी बिघाड डिव्हाइसचा नव्हताच. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस क्रोमची 142 वी आवृत्ती आली. तेव्हापासून एखादे संकेतस्थळ आपल्याच संगणकावर चालणाऱ्या सेवेशी किंवा कार्यालयाच्या नेटवर्कवरच्या उपकरणाशी बोलू लागले, की ब्राउझर आधी परवानगी विचारतो. आरडी सर्व्हिस 127.0.0.1 या पत्त्यावर, 11100 पासूनच्या पोर्टवर चालते. त्यामुळे ब्राउझरमधून तिला थेट हाक मारणारी पोर्टले या नियमाच्या तावडीत सापडली. काउंटरवर गर्दी असते, वर एक छोटी चौकट उघडते, घाईत ‘ब्लॉक’वर क्लिक होते. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुन्हा विचारत नाही.

यावर इलाज आहे तो असा. पोर्टल उघडे असताना पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाचे चिन्ह दाबावे, साईट सेटिंग्जमध्ये जावे, लोकल नेटवर्कशी किंवा याच संगणकावरच्या सेवांशी बोलण्याची परवानगी ‘अलाऊ’ करावी आणि पान रिफ्रेश करावे. संगणक रीस्टार्टही करावा लागत नाही.

एवढ्याशा गोष्टीची किंमत मात्र काउंटरच्या पलीकडचा माणूस मोजतो. सोलापूरजवळच्या कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत 2006 साली दहा हजार विडी कामगार महिलांच्या घरांनी उभी राहिली. आयुष्यभर तेंदूपत्ता कापून, तंबाखू भरून, विडी वळून या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. सत्तरी ओलांडलेली अशी एखादी आजी आयुष्मान वय वंदना कार्डासाठी येते. अंगठा टेकवते, पदराला पुसून पुन्हा टेकवते, मग दुसरे बोट. डिव्हाइसचा दिवाही लागत नाही, आणि काउंटरवरून उत्तर येते, ‘आजी, अंगठा झिजलाय तुमचा, उद्या या.’ अंगठा झिजलेला असतो हे खरेच. पण दिवाच लागला नाही, तर अंगठा तपासला गेलेलाच नसतो. उद्या येणे म्हणजे पुन्हा रिक्षाभाडे आणि सोबत येणाऱ्या लेकीसुनेच्या आणखी एका दिवसाच्या विड्या बुडणे. केंद्रचालकाने हा फरक ओळखलाच पाहिजे. दिवा लागून ठसा जुळला नाही, तर चेहरा किंवा ओटीपीचा पर्याय घ्यावा. दिवाच लागला नाही, तर आधी ब्राउझर पाहावा.

पण सगळा दोष केंद्रचालकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ब्राउझरच्या सेटिंग्ज त्यांना शिकवल्याच चुकीच्या गेल्या आहेत. पोर्टलांच्या मार्गदर्शक पुस्तिका आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफ उघडून पाहाव्यात: पॉप-अप सर्व संकेतस्थळांसाठी खुले करा, असुरक्षित मजकुराला परवानगी द्या, फ्लॅग्जच्या पानावर जाऊन अमुक संरक्षण बंद करा. फ्लॅग्ज प्रायोगिक असतात, पुढच्या आवृत्तीत ते गायबही होतात. क्रोमची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते आणि पुस्तिकेवर तारीखसुद्धा नसते. जीएसटी पोर्टलच्या तळाशी क्रोम 49 आणि फायरफॉक्स 45 च्या पुढचे ब्राउझर वापरा, अशी सूचना वर्षानुवर्षे दिसत आली आहे. या दोन्ही आवृत्त्या मार्च 2016 च्या, म्हणजे जीएसटी लागू होण्याच्याही आधीच्या. हेल्पलाइनला फोन लावावा तर ठरलेले उत्तर मिळते, कॅशे आणि कुकीज साफ करा. सगळ्याच पुसल्या की इतर पोर्टलांची लॉगिनही जातात आणि ऐन गर्दीत पुन्हा कॅप्चा, पुन्हा ओटीपी. खरे तर अडलेल्या एकाच संकेतस्थळाचा डेटा साईट सेटिंग्जमधून काढता येतो. हेल्पलाइनवर बसणाऱ्याला हे माहीत नसावे, याला क्षमा नाही.

सगळ्या संकेतस्थळांसाठी दार उघडे ठेवण्याचे परिणाम केंद्रांतल्या संगणकांवर उघड दिसतात. कोपऱ्यात ‘अँटिव्हायरस संपला’ असे खोटे इशारे फडफडतात, कारण कधीतरी कुठल्यातरी साईटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. पीडीएफ जोडणारी, कूपन दाखवणारी एक्स्टेन्शन्स मेमरी खात बसतात, आणि त्यांतल्या अनेकांना प्रत्येक पान वाचण्याची मुभा असते. त्या पानांवर लोकांचे आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक असतात. ग्राहकांचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवण्याची सवय तर आजच्या आज मोडायला हवी.

साफसफाईला एक दुपार पुरेल. कामासाठी वेगळे प्रोफाइल करावे, त्यात घरचे ईमेल आणि यूट्यूब नको. गरज नसलेले प्रत्येक एक्स्टेन्शन काढावे. नोटिफिकेशन सरसकट बंद. पॉप-अप मुळात बंद ठेवून फक्त कामाच्या पोर्टलांचे पत्ते परवानगीच्या यादीत टाकावेत. फ्लॅग्ज ‘रीसेट ऑल’ करावेत. विंडोज 7 किंवा 8.1 वर अजून चालणाऱ्या संगणकांना क्रोम 109 च्या पुढे काही मिळत नाही. ते बायोमेट्रिकच्या कामातून बाजूला काढावेत.

जिल्हा सेतू समितीकडे मागणी साधी आहे. केंद्रांकडून होणाऱ्या प्रत्येक सेवेसाठी एक पान प्रसिद्ध करावे: पोर्टलचा अचूक पत्ता, त्याला लागणाऱ्या परवानग्या, कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या तारखेला तपासले. त्यासाठी निविदा लागत नाही, तांत्रिक कर्मचाऱ्याचे काही तास लागतात. तोवर केंद्रचालकांनी थांबू नये. आपापल्या केंद्रातल्या पोर्टलांची अशी यादी या महिन्याच्या 25 तारखेपर्यंत मासिकाकडे पाठवावी. आलेल्या याद्या पडताळून पुढच्या अंकात छापल्या जातील आणि त्यांची एक प्रत समितीच्या बैठकीपुढे ठेवली जाईल.