चेक अडवलात? मग कारण लेखी द्या!

घरकुल, स्पॅगेटी, सेलिब्रेशन, व्हॅलीशिल्प या वसाहतींतील आणि खारघरच्या सर्व सेक्टरांतील खातेदारहो,

चेक भरून चार दिवस झाले. खात्यात रक्कम दिसते, पण काढता येत नाही. काउंटरवर विचारावं तर उत्तर ठरलेलं: ‘होल्डवर आहे, उद्या बघा.’ होल्ड कोणी लावला, का लावला, कधी उठणार? ‘सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय.’ इकडे सोसायटीच्या खजिनदाराला लिफ्टचं बिल चुकवायचं असतं, निवृत्त माणसाला हॉस्पिटलचं डिपॉझिट भरायचं असतं, कुणाचा ईएमआय त्याच खात्यातून जायचा असतो. ईएमआय परतला की दंड मात्र न विसरता कापला जातो, आणि त्याचा मेसेज लगेच येतो!

‘चेक वटायला वेळ लागतो’ ही सबब आता जुनी झाली. मुंबई परिसरात 2013 पासून चेकचा कागद बँकांमध्ये फिरत नाही, फक्त त्याची प्रतिमा जाते. 4 ऑक्टोबर 2025 पासून तर रिझर्व्ह बँकेने ठरावीक वेळेच्या गठ्ठ्यांची पद्धत मोडून दिवसभर क्लिअरिंग सुरू केलं. चेक आला की स्कॅन करून पाठवायचा. ज्या बँकेवर तो काढला आहे, तिने संध्याकाळी 7 पर्यंत हो की नाही सांगायचं. ती गप्प राहिली तर चेक मंजूर धरायचा. बँकांमधला हिशेब पुरा झाला की तासाभरात ग्राहकाचे पैसे मोकळे करायचे. काही तासांत निकाल देण्याचा पुढचा टप्पा 3 जानेवारी 2026 ला यायचा होता, तो लांबणीवर पडला. पण संध्याकाळपर्यंत निकाल देण्याचं बंधन त्यामुळे सुटलेलं नाही.

या नियमाला एक शेपूट आहे: पैसे मोकळे करताना बँकेने ‘नेहमीची खबरदारी’ घ्यावी. आमचं भांडण त्या शेपटाशी आहे. खबरदारी जरूर घ्या. खोटे चेक निघतात, खाडाखोड होते; म्हणूनच 1 जानेवारी 2021 पासून 50,000 रुपये व त्यावरील चेकसाठी पॉझिटिव्ह पे, म्हणजे चेकचा तपशील बँकेला आधीच कळवण्याची सोय, आली. पण खबरदारीच्या नावाखाली अडवलेले पैसे कुणाचे? आमचे. मग कारण आम्हालाच का कळू नये?

चेक परत आला तर बँक रिटर्न मेमो देते आणि त्यावर कारण लिहिलेलं असतं. म्हणजे न वटलेल्या चेकला कागद मिळतो, आणि अडकून पडलेल्याला नुसतं तोंडी ‘उद्या’. अमेरिकेत 1987 साली कायदा झाला: नेहमीच्या मुदतीपलीकडे पैसे रोखायचे असतील तर बँकेने कारण आणि पैसे मिळण्याची तारीख ग्राहकाला लेखी कळवायची. आपल्याकडे 2008 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने बाहेरगावच्या चेकसाठी 7, 10 आणि 14 दिवसांच्या मुदती घालून दिल्या आणि उशीर झाल्यास ग्राहकाने न मागताही भरपाई देण्याचं तत्त्व लावलं. न मागता भरपाई मिळालेला खातेदार कुणाला भेटला असेल तर जरूर कळवा, त्याचा सत्कार करू.

पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट 2021 मध्ये रद्द झाला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने त्याची कारणं प्रसिद्ध केली. अख्खी बँक बंद करण्याचं कारण लिहून सांगता येतं, मग एका चेकचं का नाही?

रिझर्व्ह बँकेचं कार्यालय खारघरपासून एका स्टेशनावर, सीबीडी बेलापूरला आहे. आमची तिच्याकडे मागणी एकच: होल्ड लागताच त्याचं कारण, रक्कम आणि उठण्याची तारीख खातेदाराला मेसेजने व लेखी मिळालीच पाहिजे, आणि ती मराठीत.

तोवर आपण हे करू या. चेक ड्रॉप बॉक्समध्ये टाकू नका. काउंटरवर द्या आणि स्लिपवर शिक्का घ्या. पोच नाकारण्याचा अधिकार कोणत्याही शाखेला नाही. होल्ड लागला तर तोंडी उत्तर घेऊन परतू नका. साधा अर्ज लिहा, कारण आणि तारीख मागा, अर्जाचीही पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. त्याला फी नाही, वकील लागत नाही; 14448 वर माहिती मिळते. आणि हे पत्रक वाचून झालं की सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा.

आपले,
खारघरमधील काही खातेदार