‘जखम भरून काढणारे’ पेप्टाइड इंजेक्शन: बीपीसी-१५७ घ्यावे का?

इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर सध्या ‘बीपीसी-१५७’ या इंजेक्शनचा बोलबाला आहे. खेळातली दुखापत, गुडघेदुखी, पोटातील अल्सर, एवढेच काय, मधुमेहींच्या पायाची जखमही याने भरते, असे दावे केले जातात. आधी जिममध्ये जाणाऱ्या तरुणांपुरता असलेला हा विषय आता रुग्णांच्या तोंडी येऊ लागला आहे. म्हणून यातले खरे किती, ते नीट समजून घेऊ.

हे आहे तरी काय?

बीपीसी-१५७ हे प्रयोगशाळेत तयार केलेले पेप्टाइड आहे, म्हणजे १५ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. जठररसातील एका प्रथिनाशी त्याचे नाते सांगितले जाते. क्रोएशियातील झाग्रेब येथील संशोधकांनी १९९० च्या दशकापासून त्यावर काम केले. उंदरांमध्ये स्नायुबंध, आतडे आणि त्वचेच्या जखमा लवकर भरल्याचे त्यांनी नोंदवले. जखमेच्या जागी नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास हे पेप्टाइड मदत करते, असा त्यामागचा तर्क आहे. ‘टीबी-५००’ नावाचे दुसरे पेप्टाइडही अशाच दाव्यांसह विकले जाते.

मग अडचण कुठे आहे?

पुरावा जवळजवळ सगळा प्राण्यांवरचा आहे. माणसांवर झालेले अभ्यास मोजके आहेत आणि त्यातील रुग्णही अगदी थोडे. मधुमेही पायाच्या जखमेवर या इंजेक्शनची मोठी, तुलनात्मक चाचणी झालेली नाही. उंदरात यशस्वी ठरलेली कित्येक औषधे माणसात अपयशी ठरतात, हे विसरून चालणार नाही.

नियामक संस्थांची भूमिकाही स्पष्ट आहे. अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२३ मध्ये, औषध दुकानांत मिश्रण करून देण्याच्या संदर्भात, बीपीसी-१५७ ला सुरक्षेबाबत चिंता असलेल्या पदार्थांच्या गटात टाकले. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने (वाडा) २०२२ पासून खेळाडूंसाठी त्यावर बंदी घातली आहे. भारतात औषध म्हणून त्याला मान्यता नाही. म्हणूनच कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असते. त्याचा सरळ अर्थ असा, की विकणारा माणसावरील परिणामाची जबाबदारी घेत नाही.

नव्या रक्तवाहिन्या नेहमी चांगल्याच असतात का?

हा मुद्दा जाहिरातीत कधीच येत नाही. अनेक वर्षे मधुमेह असलेल्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर नाजूक, नको असलेल्या रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून रक्तस्राव होतो आणि दृष्टी जाऊ शकते. त्या रोखण्यासाठीच डोळ्यात इंजेक्शने देतात. म्हणजे ज्या रुग्णाच्या पायाला जखम आहे, त्याच्याच डोळ्यात रक्तवाहिन्या वाढू नयेत म्हणून उपचार चालू असू शकतात. कर्करोगाच्या गाठीलाही वाढीसाठी रक्तपुरवठा लागतो. बीपीसी-१५७ मुळे हे धोके वाढतात, असे सिद्ध झालेले नाही. पण वाढत नाहीत, हेही कोणी तपासलेले नाही.

बेकॅप्लर्मिन या जखमेवर लावायच्या जेलचे उदाहरण घ्या. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. २००८ मध्ये कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंबाबत त्यावर ठळक इशारा छापावा लागला आणि अधिक माहिती आल्यावर २०१८ मध्ये तो काढला गेला. मान्यताप्राप्त औषधावर अशी नजर असते. कुरिअरने आलेल्या कुपीवर कोण नजर ठेवणार?

खानदेशात धोका अधिक का?

आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार (२०२३) देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. आपल्याकडे शेतात अनवाणी चालण्याची सवय आहे. मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पायाची संवेदना गेलेल्या माणसाला तापलेल्या मातीचा चटका कळत नाही. फोड फुटून जखम चिघळल्यावरच लक्षात येते. त्यात बिडी-तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील, तर जखम भरणे आणखी अवघड.

पेप्टाइड थंड जागी ठेवावे लागते. पाण्यात मिसळल्यावर तर फ्रिज हवाच. इथल्या उन्हात पार्सलमधून आलेल्या कुपीत काय उरले असेल, सांगता येत नाही. घरी मिसळून, घरीच टोचून घेतल्यास जंतुसंसर्गाचा धोका वेगळाच.

मात्र सर्वांत मोठे नुकसान वेळेचे होते. महिनाभर इंजेक्शनची वाट पाहण्यात गेला, की गँगरीन वर चढते आणि बोटावर निभावले असते तिथे पाय गमवावा लागतो.

जखम असेल तर काय करावे?

• दोन-तीन दिवसांत सुधारणा नसेल, तर शल्यचिकित्सकांना दाखवा. पाय काळा पडला, दुर्गंधी, सूज किंवा ताप आला, तर त्याच दिवशी जा. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे जाता येईल.
• पायाचा रक्तपुरवठा डॉपलरने तपासून घ्या. वाहिनी बंद असेल, तर ती उघडणे हाच खरा उपाय.
• मृत ऊती काढणे, नियमित ड्रेसिंग, जखमेवर भार न देणे आणि साखर आटोक्यात ठेवणे, यांना पर्याय नाही.
• बिडी, सिगारेट, तंबाखू बंद करा.
• खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.
• असे इंजेक्शन आधीच घेतले असेल, तर लपवू नका. कुपी सोबत आणा. दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या औषध-सुरक्षा हेल्पलाइनवर कळवता येतो.

संशोधन थांबू नये. उद्या चाचण्यांतून बीपीसी-१५७ खरोखर उपयोगी ठरले, तर डॉक्टर ते आनंदाने लिहून देतील. पण ती चाचणी आपल्या पायावर, आपल्याच पैशाने आणि कोणत्याही देखरेखीशिवाय होऊ देऊ नका.