निर्बंध उठले, पाळणा उभा राहतोय. पण नट-बोल्ट कोण तपासणार?

वाशिम, ५ एप्रिल २०२२ : राज्य सरकारने १ एप्रिलपासून कोरोनाचे सर्व निर्बंध मागे घेतले. मास्कही आता ऐच्छिक झाला. येत्या रविवारी, १० एप्रिलला रामनवमी आहे. म्हणजे मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीत दोन वर्षांच्या खंडानंतर पहिल्यांदाच मोकळेपणाने यात्रा भरणार. २०२० ची रामनवमी २ एप्रिलला आली, तेव्हा देश लॉकडाऊनमध्ये होता. २०२१ ची २१ एप्रिलला आली, तेव्हा दुसरी लाट जोरात होती. सलग दोन हंगाम कोरडे गेले.

यात्रेची बातमी म्हटली की दर्शन, भोग, मंत्र्यांचा दौरा आणि बंदोबस्त एवढंच लिहिलं जातं. या लेखात दुसऱ्या बाजूचं बोलायचं आहे. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, ड्रॅगन ट्रेन, मौत का कुआं, फुगे फोडायची बंदूक, लहान लेकरांचं मिक्की माऊस. मुंबईकरांना खोपोलीची इमॅजिका आहे, नागपूरकरांना वॉटर पार्क आहेत. आपल्या सहा तालुक्यांतल्या माणसाचं थीम पार्क म्हणजे जत्रा. शेगावचं आनंद सागर तर अजूनही बंदच आहे. तूर-हरभरा विकून हातात चार पैसे आले की बाप पोट्ट्यांना घेऊन पोहरादेवीला जातो, लोणीला सखाराम महाराजांच्या यात्रेला जातो, मंगरुळपीरला बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेला जातो. पाळण्यात बसल्याशिवाय लेकरू घरी यायला तयार होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

मग हा पाळणा दोन वर्षं कोणत्या नियमाने बंद होता आणि आता कोणत्या नियमाने चालू होतोय? कागद शोधायला गेलं तर गंमत दिसते.

पार्कला पायऱ्या, जत्रेला फक्त खटका

केंद्राने ३० सप्टेंबर २०२० च्या आदेशात मनोरंजन पार्क १५ ऑक्टोबरपासून उघडायला परवानगी दिली. ८ ऑक्टोबरला आरोग्य मंत्रालयाने त्यासाठी खास नियमावली काढली. सहा फुटांचं अंतर, गेटवर ताप तपासणी, आत-बाहेर जायला वेगळे रस्ते, शक्यतो ऑनलाइन तिकीट, फूड कोर्टमध्ये निम्मीच माणसं, राईडचे दांडे वारंवार पुसणे, वॉटर पार्कच्या पाण्याचं नियमित क्लोरिनेशन. एसी किती अंशांवर ठेवायचा तेही त्यात होतं, २४ ते ३०.

राज्यात त्यानंतर उघडझाप होत राहिली. दुसऱ्या लाटेत सगळं बंद, २२ ऑक्टोबर २०२१ पासून पार्कच्या कोरड्या राईड सुरू, ओमायक्रॉन आल्यावर १० जानेवारी २०२२ पासून पुन्हा कुलूप, फेब्रुवारीत लसीकरण चांगलं असलेल्या ठिकाणी निम्म्या क्षमतेने परवानगी. मग ४ मार्चपासून १४ जिल्ह्यांना पूर्ण सूट मिळाली. अट अशी की, पहिला डोस ९० टक्के, दुसरा ७० टक्के, पॉझिटिव्हिटी १० टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनचे बेड ४० टक्क्यांपेक्षा कमी भरलेले. त्या यादीत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर होते. अमरावती विभागातल्या पाचपैकी एकही जिल्हा नव्हता. वाशिमही नव्हता.

हे सगळं कसंही असलं तरी पार्कवाल्याला एक पायरी तरी दिसत होती. आज निम्मी माणसं, उद्या पूर्ण. जत्रेला अशी पायरीच नव्हती. ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, मंदिरं उघडली. पण मंदिराबाहेरची यात्रा मात्र ‘गर्दी’ या एका शब्दाखाली बंदच राहिली. भाविक आत जाऊन दर्शन घेऊ शकत होता, बाहेर पाळणा लावता येत नव्हता. आणि आता एका आदेशाने सगळं खुलं! खटका बंद होता, तो चालू केला. मधली पन्नास टक्क्यांची, तपासणीची, आखणीची पायरी जत्रेच्या वाट्याला आलीच नाही.

बंद ठेवायचा निर्णय चुकीचा होता असं आमचं म्हणणं नाही. गर्दीचा चटका आपल्या जिल्ह्याने सोसला आहे. २३ फेब्रुवारी २०२१ ला तत्कालीन वनमंत्री संजय राठोड यांच्या दौऱ्यावेळी पोहरादेवीत झालेली गर्दी देशभरच्या टीव्हीवर दिसली, नंतर तिथल्या काहींचे अहवाल पॉझिटिव्ह आले. त्याच आठवड्यात रिसोड तालुक्यात देगावच्या एका निवासी शाळेत दोनशेहून जास्त विद्यार्थी बाधित निघाले.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. एक उघड्यावरची गर्दी, दुसरी बंद खोल्यांमधली एकत्र राहणी. हा विषाणू हवेतून पसरतो आणि बंद जागेत जास्त पसरतो, हे आता जगाने मान्य केलं आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं होतं की, पृष्ठभागाला हात लावून संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी. म्हणजे पाळण्याचा दांडा दर फेरीला फडक्याने पुसणं हा बराचसा देखावा. उघड्या हवेत वर जाणाऱ्या पाळण्यात धोका कमीच. धोका आहे तो तिकिटाच्या रेटारेटीत, मुक्कामाच्या खोलीत, आणि यंदा तर विशेष करून प्रवासात. एसटीचा संप पाच महिने झाले तरी मिटलेला नाही. लालपरी नाही म्हटल्यावर माणूस काळी-पिवळीत येणार, ती किती भरते हे मानोरा रोडवर उभं राहून कोणीही पाहावं. तिथे ना सहा फूट, ना सहा इंच.

जत्रेला गेट नसतं

बाहेरच्या जगातले मोठे पार्क कसे उघडले ते पाहिलं की फरक कळतो. शांघायचं डिस्नेलँड २५ जानेवारी २०२० ला बंद झालं आणि ११ मे रोजी उघडलं. रोज ८० हजार माणसं मावतात, तिथल्या सरकारने ३० टक्क्यांच्या वर जाऊ नका म्हटलं. ३१ ऑक्टोबर २०२१ ला एका बाधित पाहुणीचा माग निघाला, तर त्यांनी गेट बंद करून आतल्या सुमारे ३४ हजार जणांची तपासणी केली आणि मगच घरी सोडलं. गेल्या महिन्यात, २१ मार्चला ते पुन्हा बंद झालं आहे. जपानच्या पार्कवाल्यांनी तर रोलर कोस्टरमध्ये बसा पण ओरडू नका असा नियम काढला होता. आपल्या आकाशपाळण्यात हा नियम लावला तर पाळणा रिकामाच फिरेल बाप्पा.

हे सगळं त्यांना जमलं, कारण त्यांच्याकडे भिंत आहे, गेट आहे, तिकिटावर नाव-नंबर आहे. जत्रेला चारी दिशांनी रस्ते. आत किती माणसं आहेत हे पोलिसांनाही अंदाजानेच सांगावं लागतं. म्हणून पार्कची नियमावली उचलून जत्रेला चिकटवता येत नाही. पन्नास टक्के म्हणजे कशाच्या पन्नास टक्के?

पन्नास टक्क्यांचा हिशोबही करून पाहा. समजा, बारा डब्यांचा पाळणा आहे, एका डब्यात चार जण. पूर्ण भरला तर ४८ तिकिटं, निम्मा भरला तर २४. डिझेल तेवढंच जळतं, जागाभाडं तेवढंच, ट्रकचं भाडं तेवढंच, पोरांची मजुरी तेवढीच. शिवाय पाळण्याचा तोल राखायला निम्मी माणसंही समोरासमोरच्या डब्यांतच बसवावी लागतात. मोठ्या कंपनीला असा तोटा काही महिने बँकेच्या जोरावर ओढता येतो. पाळणेवाल्याचा वर्षाचा धंदा महाशिवरात्रीपासून अक्षय तृतीयेपर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत. त्यात २२ मार्चपासून डिझेल पुन्हा वाढायला लागलं आणि शंभरी ओलांडून गेलं.

मदतीच्या वेळी हा माणूस कोणत्याच रकान्यात बसला नाही. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षावाल्यांना दीड हजार रुपये जाहीर केले. केंद्राची दहा हजारांच्या कर्जाची स्वनिधी योजना शहरातल्या पथविक्रेत्यांसाठी. पाळणेवाला गावोगाव फिरणारा, त्याची नोंदणी कोणत्या नगरपरिषदेत? तो फेरीवाला नाही, कलावंत नाही, उद्योजकही नाही. मौत का कुआंत गाडी चालवणारा पोरगा तर कागदावर कोणीच नाही. या लोकांनी दोन पावसाळे कसे काढले असतील, कर्ज कोणाचं आणि किती टक्क्यांचं असेल, याचा अंदाज खेड्यातल्या माणसाला सांगावा लागत नाही.

खरा धोका लोखंडात आहे

आता मुद्द्यावर येऊ. रविवारच्या यात्रेत कोरोनाइतकाच, किंबहुना जास्त, विचार करायला लागेल तो यंत्राचा. दोन पावसाळे उघड्यावर किंवा ताडपत्रीखाली पडलेलं लोखंड. पिनांना गंज, बेअरिंग कोरडे, वेल्डिंगच्या जोडाला तडे, जनरेटरची वायर उंदरांनी कुरतडलेली. जुने मिस्त्री दुसऱ्या कामाला लागलेले, त्यांच्या जागी नवी पोरं. मालक कर्जात, म्हणून दुरुस्ती टाळायचा मोह मोठा. एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जाताना पाळणा खोलून पुन्हा जोडला जातो, तेव्हा झिजलेला भाग निदान हाताखालून जातो. दोन वर्षं ते हातच लागले नाहीत.

अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या पार्कमध्ये १४ जुलै २०१९ ला मोठा झोका तुटून खाली आला, दोन जण गेले, कित्येक जखमी झाले. तो रोज चालणारा, तिकीट लावून चालवलेला झोका होता. मग दोन वर्षं पडून राहिलेल्या यंत्राचं काय, हा प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

परवानगीचे कागद आजही लागतात. पोलिसांचं ना हरकत, विजेच्या जोडणीची तपासणी, पाळण्याच्या यंत्राची तपासणी. पण तपासणी म्हणजे टेबलावर सही नव्हे. पाळणा उभा राहिल्यावर प्रत्येक डब्यात माणसाच्या वजनाची रेतीची पोती टाकायची, अर्धा तास रिकामा-भरलेला फिरवायचा, अचानक ब्रेक मारून पाहायचा, मग लेकरं बसवायची. यासाठी ना निधी लागतो ना मुंबईचा आदेश. एक अभियंता, एक दिवस आणि गावातली रेती पुरते. तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव पाळण्याच्या तिकीट खिडकीवर मोठ्या अक्षरात लावलं तर बसणाऱ्यालाही कळेल. मानोऱ्याचं तहसील कार्यालय आणि पोलीस ठाणे हे शनिवारपर्यंत करू शकतात.

जागेची आखणीही तशीच. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला जवळपास तीनशे माणसं चेंगराचेंगरीत गेली. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, त्यात आग. तिथे कोणताही विषाणू नव्हता. मंदिराकडे जाणारी वाट आणि पाळण्यांचं मैदान वेगळं ठेवणं, दोन पाळण्यांमध्ये ट्रक जाईल एवढी जागा सोडणं, जनरेटर आणि भजेवाल्याची कढई लांब ठेवणं, याने चेंगराचेंगरीही टळते आणि पुढची लाट आली तर अंतरही आपोआप मिळतं. जागेचा लिलाव करताना जास्तीत जास्त प्लॉट पाडले की ग्रामपंचायतीला पैसा जास्त मिळतो, अडचण तिथेच आहे. यंदा निदान पाळणेवाल्यांचं जागाभाडं कमी करून प्लॉट मोठे द्यावेत. भाडं कापून घ्यायचं आणि दुरुस्तीची अपेक्षाही ठेवायची, हे दोन्ही एकदम होत नाही.

आणि लस. १२ ते १४ वयाच्या मुलांचं लसीकरण १६ मार्चला सुरू झालंय, म्हणजे त्यांचा फार तर पहिला डोस झाला असेल. त्याखालच्या लेकरांना लस नाहीच. पाळण्यात बसणारी बहुतेक मंडळी याच वयाची. आपला जिल्हा मार्चच्या यादीत बसला नव्हता, तो डोसमध्ये मागे असेल तर यात्रेसारखी जागा नाही. आरोग्य विभागाने तंबू मंदिराच्या मागे कुठेतरी लावण्यापेक्षा पाळण्याच्या रांगेशेजारी लावावा. तेलंगणा-कर्नाटकातून येणारे बंजारा बांधवही दुसरा डोस तिथे घेऊ शकतील. चाळिशी गाठणाऱ्या उन्हात सावली आणि पाण्याचा टँकर त्याच तंबूजवळ असला तर लोक थांबतील.

चौथी लाट येईल की नाही हे तज्ज्ञांनी पाहावं. आली, तर पुन्हा एका रात्रीत खटका बंद होणार का? जिल्हाधिकारी कार्यालयाने यंदाच्याच हंगामात सहाही तालुक्यांतल्या यात्रांची, तिथे येणाऱ्या पाळणेवाल्यांची आणि त्यांच्या माणसांची साधी नोंदवही केली, तर निदान पुढच्या वेळी अर्धे पाळणे चालवायचे की दिवस वाटून द्यायचे हे ठरवता येईल आणि मदत द्यायची झाली तर यादी हाताशी असेल. नोंदवहीचं पहिलं पान भरायला पोहरादेवीत रविवारी सगळे एकाच जागी भेटतील.

पाळण्यात बसायला जाणाऱ्यांनी तोवर एवढं करावं. डब्याची कडी स्वतः ओढून पाहा, पिन नसेल तर उतरा, आणि चालवणारा पोरगा मोबाईलवर असेल तर त्याला हटकायला लाजू नका.