न आलेल्या मालाचा भाव

भंडाऱ्याच्या बाजारात माझ्या भाच्याचे मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे दुकान आहे. निवृत्तीनंतर सायंकाळी तासभर तिथे बसण्याचा माझा परिपाठ आहे. दुसऱ्याच्या खतावण्या तपासण्याची जन्मभराची सवय सहजासहजी सुटत नाही, हे त्याचे खरे कारण. गेल्या महिन्यात असाच बसलो असता तुमसरचे एक तांदळाचे व्यापारी आपल्या मुलाला घेऊन आले. मुलाला चांगले गुण मिळाले होते आणि कबूल केल्याप्रमाणे प्लेस्टेशन ५ घ्यायचे ठरले होते. भाच्याने फळीवरून खोका उतरवला, त्यावरची धूळ पुसली, बिलबुक उघडले. तेवढ्यात मुलगाच वडिलांना म्हणाला, "पप्पा, आता नको. सहावा येतोय म्हणतात. थोडं थांबू या."

वडिलांना पैसे वाचल्याचा आनंद झाला. चहा घेऊन मंडळी निघून गेली. भाच्याने खोका पुन्हा फळीवर ठेवला आणि म्हणाला, "मामाजी, या महिन्यातलं हे तिसरं गिऱ्हाईक."

ज्या वाचकांच्या घरी हे यंत्र नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कन्सोल म्हणजे दूरदर्शन संचाला जोडून खेळ खेळण्याचा संगणकच, पण त्यावर दुसरे फारसे काही करायचे नसते. या धंद्यात प्रमुख कंपन्या तीनच: जपानच्या सोनी आणि निंटेन्डो, व अमेरिकेची मायक्रोसॉफ्ट. सोनीचे पहिले प्लेस्टेशन १९९४ साली जपानात आले, दुसरे २०००, तिसरे २००६, चौथे २०१३ आणि पाचवे २०२० साली. सहा, सहा, सात, सात वर्षांचे अंतर. एवढी बेरीज केली की कोणीही मनुष्य २०२७ किंवा २०२८ सालाचे भविष्य सांगू शकतो आणि आज सांगितले जाते ते बहुतांशी एवढेच. त्यात भर म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीचे यंत्ररचनाकार मार्क सर्नी व एएमडी या चिप बनविणाऱ्या कंपनीचे अधिकारी यांनी मिळून नव्या तंत्राविषयी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. हे तंत्र अजून केवळ संगणकीय सादृश्याच्या रूपात आहे आणि काही वर्षांनी येणाऱ्या यंत्रात ते आणायचे आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले. त्यांनी किंमत सांगितली नाही, तारीख सांगितली नाही, यंत्राचे नावही सांगितले नाही. पण ही बातमी भंडाऱ्यापर्यंत पोहोचता पोहोचता 'सहावा येतोय' अशी झाली.

या अफवा अगदीच निराधार असतात असेही नाही. आपल्या व्यापारी वाचकांना त्यांची रीत लगेच उमगेल. समोरच्या दुकानदाराने काय मागवले हे तो सांगत नाही; पण ट्रान्सपोर्टच्या गोदामात त्याची बिल्टी दिसली की आपण ओळखतो. इथेही तेच चालते. नव्या यंत्राची चिप कित्येक वर्षे आधी आखावी लागते, खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांना नमुना-यंत्रे आधी द्यावी लागतात, व्यापारचिन्हाचे अर्ज सरकारदरबारी नोंदले जातात, सुटे भाग एका देशातून दुसऱ्या देशात जाताना सीमाशुल्काच्या कागदांवर चढतात. निंटेन्डोच्या स्विच २ या यंत्राविषयीचे पुष्कळ तर्क अशा मालवाहतुकीच्या नोंदींवरूनच बांधले गेले होते. कंपनीने १६ जानेवारी २०२५ रोजी ते जाहीर केले. पण त्याच्या काही दिवस आधी लास वेगासच्या प्रदर्शनात जोडसामान बनविणाऱ्या एका कंपनीने त्याची प्रतिकृती मांडूनही ठेवली होती. ती पुष्कळशी बरोबर निघाली. मात्र त्याच यंत्राविषयी २०२१ साली उठलेली, स्विचची अधिक शक्तिशाली आवृत्ती येत असल्याची वदंता साफ चुकली होती. प्रत्यक्षात आली ती त्याच यंत्राची अधिक चांगल्या पडद्याची आवृत्ती. एक अफवा खरी निघते म्हणून दुसरीवर विश्वास बसतो, ही खरी अडचण आहे.

या विषयावर मी अधिकाराने बोलावे असे काही नाही. उलट एक कबुली द्यायची आहे. २०२० च्या पावसाळ्यात भाच्याच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश आला, की प्लेस्टेशन ५ दिवाळीला भारतात येणार आणि जो आगाऊ रक्कम भरील त्यालाच माल मिळणार. नागपूरच्या एका ठोक विक्रेत्यानेही फोनवर दुजोरा दिला. सात कुटुंबांनी प्रत्येकी दहा हजार रुपये देऊ केले. भाच्याने मला विचारले, "मामाजी, घेऊ का?" टाळेबंदीत त्याचे दुकान कित्येक महिने बंद राहिले होते, कॅश क्रेडिट तुडुंब भरले होते. मी म्हणालो, "घे. बिनव्याजी पैसा आहे." आयुष्यभर इतरांच्या कर्जप्रकरणांवर 'पुरवठ्याची लेखी हमी जोडावी' असा शेरा मारणाऱ्या माणसाने आपल्या घरच्या व्यवहारात ती एक ओळ मागितली नाही.

त्या वर्षी दिवाळी १४ नोव्हेंबरला होती. यंत्र अमेरिका-जपानात १२ नोव्हेंबरला आले, युरोपसह इतर अनेक देशांत १९ तारखेला आले. भारतात आले नाही. का आले नाही याविषयी मग नव्या अफवा. दिल्लीतील एका व्यक्तीने 'पीएस ५' हे नाव सोनीच्या आधीच व्यापारचिन्ह म्हणून मागितले होते. हा अर्ज खराच झालेला होता; परंतु त्यामुळेच माल अडला ही मात्र लोकांची जोडणी. अखेर २०२१ च्या पहिल्या दिवशी कंपनीने २ फेब्रुवारी ही तारीख दिली. १२ जानेवारीला आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि काही मिनिटांत संपली. किंमत ४९,९९० रुपये.

आमच्या सातपैकी एकालाही यंत्र मिळाले नाही. नागपूरच्या विक्रेत्याकडे सत्तर हजार रुपये अडकले. ते त्याने पुढे हप्त्याहप्त्याने दिले, त्याला उन्हाळा लागला. तोपर्यंत भाच्याने घरातून पैसे काढून सातही घरांची रक्कम परत केली. सहा जणांनी समजून घेतले. एका गृहस्थाने भर दुकानात विचारले, "तीन महिने आमचे पैसे वापरलेत, व्याज कुठं आहे?" प्रश्न चुकीचा नव्हता. भाचा खाली मान घालून उभा होता आणि ज्याने सल्ला दिला तो मी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत असल्याचा बहाणा करीत होतो. त्या गृहस्थांचे व्याज मी दुसऱ्या दिवशी घरी नेऊन दिले. ते कुटुंब नंतर दुकानात आलेले नाही.

ही झाली अफवेने माल मागवण्याची हानी. आताची हानी उलट्या बाजूची आहे: अफवेमुळे आलेला माल पडून राहणे. फळीवर चार खोके आहेत. खरेदी प्रत्येकी सरासरी ५१,००० धरली तर दोन लाख चार हजार रुपये अडकले. कॅश क्रेडिटचा दर अकरा टक्के धरला तर महिन्याला १,८७० रुपये व्याज, म्हणजे एका खोक्यामागे साधारण ४६७ रुपये. छापील किंमत ५४,९९०. सुटणारे ३,९९० रुपये साडेआठ महिन्यांत व्याजातच जिरतात; दुकानाचे भाडे, वीज, नोकराचा पगार त्यात धरलेलेच नाहीत. 'थोडं थांबू' हे दोन शब्द उच्चारायला त्या मुलाला काही पडले नाही. ते भाच्याच्या खात्यात नावे पडतात.

या प्रकाराला इंग्रजी व्यापारशास्त्रात ज्या गृहस्थाचे नाव आहे तो अर्धा आपल्याकडचाच होता. ॲडम ऑस्बोर्न. त्याचे वडील रमण महर्षींचे भक्त. त्यामुळे त्याचे बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलै येथे गेले आणि २००३ साली त्याचा मृत्यूही कोडाईकनालला झाला. त्याने १९८१ साली सुमारे अकरा किलो वजनाचा, हातात धरून नेता येईल असा संगणक बाजारात आणला आणि तो धडाधड खपला. १९८३ मध्ये त्याने पुढचे, अधिक चांगले यंत्र येत असल्याचे वेळेआधी बोलून दाखवले. दुकानदारांनी जुन्या यंत्रांच्या मागण्या रोखल्या, नवे तयार नव्हते, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. प्रतिस्पर्धी व अंतर्गत गोंधळ हीही कारणे होती असे पुढे काहींनी दाखवले आहे, आणि मला ते पटते. कोणतीही पेढी एका वाक्याने बुडत नाही. पण बुडत्या पेढीला ते वाक्य पुरते. सेगा या जपानी कंपनीचे ड्रीमकास्ट १९९८-९९ मध्ये आले तेव्हा सोनीने प्लेस्टेशन २ ची वार्ता आधीच सोडून दिली होती. पुष्कळ गिऱ्हाइके थांबली. जानेवारी २००१ मध्ये सेगाने यंत्रे बनवण्याचा धंदाच सोडत असल्याचे जाहीर केले.

वार्तेवर पैसा लावणे आपल्या लोकांना नवीन नाही. मुंबईच्या प्रेमचंद रायचंदांविषयी सांगतात, की परदेशी आगबोटी बंदराला लागण्यापूर्वीच ते आपली होडी पाठवून लिव्हरपूलच्या कापसाचा भाव मिळवीत. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ नंतर हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर मुंबईत समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले. जमीन अजून पाण्याखालीच होती. १८६५ साली लढाई थांबल्याची बातमी आली आणि बाजार कोसळला. प्रेमचंद शेठही त्यातून सुटले नाहीत. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला ते हेच, आणि राजाबाई त्यांच्या मातोश्री. ज्याची होडी सर्वांत आधी पोहोचत होती त्याचीही ही गत.

निंटेन्डोच्या भागधारकांनी तर हा खेळ दोन आठवड्यांत पाहिला. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा मोबाइलवरचा खेळ जगभर गाजला आणि लोकांनी तो निंटेन्डोचाच समजून शेअर दुपटीपर्यंत नेला. कंपनीनेच मग सांगितले, की आमच्या नफ्यावर याचा फारसा परिणाम नाही. पुढच्याच सोमवारी, २५ जुलैला, शेअर सुमारे अठरा टक्क्यांनी पडला. कंपनी काय सांगते ते कागदावर होतेच. ते वाचायला कोणाला सवड नव्हती.

आता त्या तुमसरच्या मुलाचा प्रश्न राहिला: थांबावे की घ्यावे? थांबल्याने वस्तू स्वस्त होते हा आपला जुना अनुभव आहे, आणि मोबाइल वा टीव्हीच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. या यंत्राच्या बाबतीत मात्र उलटे घडले. ४९,९९० चे यंत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये आलेली त्याची सडपातळ आवृत्तीही त्याच भावाने आली. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये भाव पन्नास डॉलरने वाढला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरी चिप्सची मागणी इतकी वाढवली आहे, की २०२५ च्या अखेरीस त्यांचे दर चढू लागले. नवे यंत्र याच चिप्स वापरणार. शिवाय नवे आले म्हणजे ते लगेच भारतात येते असे नाही, हे आम्ही सत्तर हजार रुपये अडकवून शिकलो आहोत. ज्याला आज खेळायचे आहे त्याने आज घ्यावे. ज्याला वडिलांचे पैसे वाचवायचे आहेत त्याने मुळीच घेऊ नये, हा तर सर्वांत स्वस्त सौदा. पण तो सल्ला भाच्याच्या दुकानात बसून देणे मला प्रशस्त वाटत नाही.

भाच्याला मात्र मी काही गोष्टी लेखी करायला लावल्या आहेत. न आलेल्या मालाची आगाऊ रक्कम घ्यायची नाही. घेतलीच तर पावतीवर परतीची तारीख घालायची आणि ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची, कॅश क्रेडिटमध्ये जिरवायची नाही. यंत्रे एकावेळी दोनच मागवायची. आणि महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये सहा महिन्यांवरचा माल स्वतंत्र दाखवायचा. यावर त्याने कुरकुर केली, कारण त्यामुळे ड्रॉइंग पॉवर घटते. घटू दे, म्हटले.

परवा चारपैकी दोन खोके गेले. तिसऱ्यावर भाच्याने हजार रुपये कमी केले आहेत. काल सायंकाळी एक ओळखीचा मुलगा मोबाइल पुढे करून म्हणाला, "आजोबा, हे बघा, सहाव्याची किंमत फुटली." मी चष्मा लावून पाहिले. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते: 'अंदाजे'.