गरम इंजिनवर सौदा करू नका



घरचा हरभरा पेरायच्या आधी आपण १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघतो. आणि जुनं इंजिन घेताना? विकणारा सेल्फ मारतो, इंजिन धडधडतं, आपण मान डोलावतो अन् टोकन देऊन मोकळे होतो. याला मी तपासणी म्हणत नाही.

माझ्यासारखे काहीजण अजून मॅटाडोर सांभाळून आहेत, मुंगसेला कांदा न्यायला कामी येते. बनवणाऱ्या बजाज टेम्पो कंपनीचं नावसुद्धा २००५ मध्ये बदलून फोर्स मोटर्स झालं. तिला नवं इंजिन कुठून आणणार? जुनंच बघावं लागतं. म्हणून तर डोळे उघडे ठेवा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह झिजले की दाब कमी होतो. असं इंजिन थंडीत सकाळी रडतं, पण एकदा तापलं की गपगुमान चालतं. म्हणजे तापवून ठेवलेलं इंजिन ही झाकली मूठ आहे.

आधी ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर उद्या सकाळी परत जा. सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण उघडा, तिथून धुराचे लोट आले तर रिंगा गेल्या समजा. निळा धूर थांबतच नसेल तर ऑइल जळतंय. शेवटी नोझल काढून कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. ताज्या रंगाला भुलू नका.

काही मिस्त्री म्हणतात, "शेठ, आपल्याच माणसाचं आहे, कशाला तपासता?" आपल्याच माणसाचं असेल तर तपासायला हरकत कसली? ऐन कांद्याच्या हंगामात चेनकप्पी लावून तेच इंजिन पुन्हा उतरवायची वेळ आली, तर मजुरी दुप्पट अन् भाडं बुडालं ते वेगळंच. तो खर्च मिस्त्री देणार नाही.

आणि कागद. ब्लॉकवरचा नंबर घासलेला असेल तर हातही लावू नका. नंबर स्पष्ट असेल तर बिलावर लिहून घ्या, इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत आरसीवर करून घ्या.

थंड इंजिन सुरू करून दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून उठून या.