दूरच्या पाखराचा जमाखर्च

आमच्या वस्तीतला एक मुलगा लग्नाचे फोटो काढतो. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी पहाटे त्याने आम्हाला मोटारसायकलवर घाणेवाडीला नेले. जालना शहराला पाणी देणारा हा संत गाडगेबाबा जलाशय. थंडीत तिथे दूरदेशीचे पाहुणे उतरतात. चक्रवाक बदकांची जोडी आम्ही डोळे भरून पाहिली, पण फोटोत ती आली तांदळाच्या दाण्याएवढी! त्याच दिवशी मुलाच्या डोक्यात दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर शिरला. एक दुकानदार हप्त्याने द्यायला तयार झाला. मुलाची आई आमच्याकडे आली. म्हणाली, "दादा, तुम्ही हिशेबातले माणूस, जरा बघा की."

फोटोतले आम्हाला फारसे कळत नाही, आकडे मात्र कळतात. चार जाणत्यांना विचारून मांडलेला हिशेब असा.

कन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी भिंगांची छोटी नळी. लेन्सने आणलेल्या चित्राचा मधला भाग ती मोठा करते. ३०० मिलिमीटरची लेन्स १.४ पटीच्या कन्व्हर्टरने ४२० होते, दुपटीच्याने ६००. ही जमेची बाजू. खर्चाची बाजू दुकानात कोणी सांगत नाही. १.४ चा कन्व्हर्टर निम्मा उजेड खातो, दुपटीचा चारातले तीन हिस्से. मुलाची झूम लेन्स ७०-३०० ची, ३०० वर एफ ५.६. दुपटीने ती एफ ११ होते. एवढ्या अंधारात बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांचा आपोआप फोकस चालत नाही. नवे मिररलेस त्या मानाने बरे. उडत्या पाखराला सेकंदाचा हजारावा भाग हवा, तिथे अडीचशेवा मिळतो. नाहीतर आयएसओ चौपट वाढवा आणि फोटोत रवा सांडल्यासारखे ठिपके घ्या. लेन्सचा धूसरपणा दुप्पट, हाताची थरथरही दुप्पट. शिवाय कित्येक कन्व्हर्टर साध्या झूमला बसतच नाहीत, भिंगाला भिंग घासते. ही वस्तू मुळात एफ २.८ किंवा ४ च्या महागड्या लेन्ससाठी आहे. आता बोला!

आम्ही म्हणालो, हप्ता नको, आधी एका दिवसासाठी भाड्याने आण. मुलगा रागावला, दोन दिवस बोलला नाही. मग आणला. एकाच बदकाचे दोन फोटो काढले, एक कन्व्हर्टर लावून, एक न लावता. दुसरा कॉम्प्युटरवर कापून पहिल्याएवढा केला. शेजारी शेजारी ठेवले तर पिसांची एक रेघही जास्त दिसली नाही.

पुढे लेन्स चांगली झाली तर १.४ चा घे, असे आम्ही सांगितले आहे. सध्या तो उजाडायच्या आत जाऊन काठावर पालथा पडून राहतो. बदके आपणहून जवळ येतात, त्यांच्या मागे धावले की उडतात. ऊन चढले की पाण्यावरची हवा हलते, मग कितीही मोठी लेन्स असो, चित्र थरथरतेच. आईने जुन्या लुगड्याची पिशवी शिवून त्यात ज्वारी भरून दिली आहे. तीवर लेन्स टेकवली की हलत नाही. येत्या थंडीत आम्हालाही बोलावणे आहे.